वरचं शीत

आमच्या घरी सध्या दुधाचा हिशेब आर्ट कार्डावर लिहिला जातो. जाड, गुळगुळीत, कडेनं सोनेरी महिरप असलेलं कार्ड. पाठ कोरी, पुढच्या बाजूला ‘वक्तृत्व स्पर्धा’ असा मथळा आणि खाली एक बिघडलेलं नाव. अशी ४२ कार्डं आत्यानं कपाटात जपून ठेवली आहेत. ती संपेपर्यंत माझी चूक दुधाच्या पिशवीबरोबर रोज सकाळी समोर येणार.

झालं असं की, एका शाळेसाठी मी प्रमाणपत्रांवर नावं टाकणारा छोटासा पायथन प्रोग्राम लिहिला होता. मथळा छापून तयार. यादीतलं एकेक नाव चित्रावर उमटवायचं आणि प्रिंटरकडे पाठवायचं. माझ्या लॅपटॉपवर सगळं चोख. शाळेच्या विंडोज संगणकावर पायथन टाकलं, पिलो ही चित्रांची लायब्ररी टाकली, प्रोग्राम सुरू केला आणि चहाला गेलो. परत येईपर्यंत किरणची ‘करिण’ झाली होती, दिनकरचा ‘दनिकर’, आणि क्षितिज नावाचा मुलगा ‘क्‌षतिजि’ होऊन ट्रेमध्ये पडला होता.

आत्या कॉलेजात सांख्यिकी शिकवून निवृत्त झाली. फोरट्रानचा प्रोग्राम पंचकार्डांच्या गठ्ठ्यावरून दुसऱ्या शहरात पाठवायचा आणि दोन दिवसांनी एका स्वल्पविरामाची चूक घेऊन परत यायचा, त्या काळात ती शिकली. मी दिवसाला चार लायब्ऱ्या टाकतो आणि काढतो. त्या संध्याकाळी आमची जुंपली ती अशी.

आत्या : मला एवढंच सांग. त्या मशीनवर लायब्ररी चालते आहे, हे तू कशावरून ठरवलंस?

मी : लायब्ऱ्या टाकणाऱ्या पिपनं ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ म्हटलं. इम्पोर्टची ओळ बिनतक्रार गेली. प्रोग्राम शेवटपर्यंत चालला, एक एरर नाही. याहून जास्त कोण बघतं?

आत्या : तीन साक्षीदार, आणि तिघंही खरंच बोलले. पिप म्हणाला, फायली डिस्कवर ठेवल्या. इम्पोर्ट म्हणाला, फायली सापडल्या, उघडल्या. तिसरा म्हणाला, वाटेत कुणी पडलं नाही. पण ‘मराठी लिहिता येतं का’ हे तू तिघांपैकी कुणालाच विचारलं नाहीस.

मी : कारण ऐकलंस तर तूही म्हणशील, हे कुणाला सुचणार? ‘कि’ साठवताना संगणक आधी क ठेवतो, मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमानं. कागदावर मात्र वेलांटी क-च्या आधी काढावी लागते. ही अदलाबदल, जोडाक्षरं, रफार, यातलं काहीच पिलो स्वतः करत नाही. ते काम हार्फबझ नावाच्या लायब्ररीचं. पिलो तिच्यापर्यंत पोचते ती रक्म नावाच्या आणखी एकीच्या ओळखीनं. आणि रक्मला लागते फ्रिबिडी, जी अरबी-उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळते. माझ्या लिनक्सवर ती आधीपासून होती. शाळेच्या विंडोजवर नव्हती.

आत्या : म्हणजे मराठी डावीकडून उजवीकडे जाते, तरी उर्दूवाला पाहुणा आला नाही म्हणून मराठीची पंगत बसली नाही.

मी : अगदी. फ्रिबिडी नाही म्हणून रक्म बंद. रक्म बंद म्हणून हार्फबझपर्यंत वाट नाही. मग पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येते : एक अक्षर काढ, पुढे सरक, दुसरं काढ. एरर येत नाही, कारण तिच्या लेखी काही बिघडलेलंच नसतं. नावं इंग्रजी असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

आत्या : आणि तिला विचारायची काही सोय नव्हती?

मी : होती. फीचर्स डॉट चेक, कंसात रक्म. एका ओळीत हो किंवा नाही. कमांड लाइनवर ‘पायथन डॅश एम पीआयएल’ लिहिलं तर काय आहे, काय नाही याची अख्खी यादी मिळते.

आत्या : लायब्ररी पिलो, मग हे पीआयएल कोण?

मी : जुनी लायब्ररी. तिचं काम थंडावलं, म्हणून २०१० मध्ये तिच्यातून पिलो निघाली. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून हाकेचं नाव तेच ठेवलं. टाकायची पिलो, बोलवायची पीआयएल. इतर लायब्ऱ्यांचंही तेच : सायकिट-लर्न टाकतो आणि एसकेलर्न म्हणून बोलावतो. ओपनसीव्ही-पायथन टाकतो, बोलावतो सीव्ही२. नव्या मुलांचा पहिला आठवडा यातच जातो.

आत्या : पत्रिकेतलं नाव एक, हाकेचं दुसरं. पुढे?

मी : पुढची फजिती त्याहून नेहमीची. एकाच मशीनवर दोन-तीन पायथन असतात. पिप एकाच्या घरात सामान ठेवतो, प्रोग्राम दुसऱ्याच्या घरात शोधतो. पिप म्हणतो ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, पायथन म्हणतं ‘नो मॉड्यूल नेम्ड’. दोघंही खरे, माणूस वेडा. म्हणून नुसतं पिप न लिहिता ‘पायथन डॅश एम पिप’ लिहायचं. ज्याला सामान लागणार त्याच्याच हातानं आणवायचं. सिस डॉट एक्झिक्युटेबल छापलं की कोणतं पायथन बोलतंय ते कळतं. आणि कुणी आपल्या फोल्डरमध्ये रँडम डॉट पीवाय नावाची फाइल करून ठेवतो. मग पायथन स्वतःची रँडम सोडून तीच उचलतं. लायब्ररी कुठल्या फाइलमधून आली ते छापलं की चोर घरातच सापडतो.

आत्या : एवढं सगळं ठाऊक असून ४२ कार्डं?

मी : कारण या सगळ्या चुका ओरडतात. ओरडणाऱ्या चुकांना मी भीत नाही. जून २०२४ मध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं २.० आलं. आधीच्या आवृत्तीवर कंपाइल झालेल्या कितीतरी लायब्ऱ्या नव्या नमपायसोबत उभ्याच राहिनात. पण इम्पोर्ट करतानाच लालभडक मजकूर आला, लोकांनी आवृत्ती मागे घेतली, नवी पॅकेजं आली, संपलं. माझं म्हणणं एवढंच आहे, आत्या : मोडेल ते ओरडेल, ओरडलं की दुरुस्त करू. नमपायच्या स्वतःच्या हजारो चाचण्या आहेत. प्रत्येक बदलाला त्या लिनक्स, विंडोज, मॅक सगळीकडे चालतात. त्यांनी पाखडून, निवडून दिलेला तांदूळ मी पुन्हा कशाला निवडत बसू?

आत्या : त्यांनी त्यांच्या घरी निवडला. तुझ्या घरी पिशवी फाटकी होती का, ते त्यांना कसं कळणार? आणि ती कुठली आज्ञा म्हणतोस, पिप चेक, ती काय करते?

मी : ती आवृत्त्या जुळतात का ते बघते. अमक्याला तमक्याची अमकी आवृत्ती हवी, ती आहे की नाही.

आत्या : म्हणजे बिल आणि याद्या ताडून बघते, पोतं उघडत नाही. तुझी फ्रिबिडी त्या यादीत होती?

मी : नव्हती. ती पायथनचं पॅकेजच नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूची.

आत्या : मग ऐक. तुला वाटतं मोडलेलं ओरडतं. आमच्या विषयात मोडलेलं कधीच ओरडत नाही, दशांश चिन्हापुढे आठ अंक घेऊन ऐटीत येतं. १९६७ मध्ये जेम्स लाँगली नावाच्या माणसानं अमेरिकेची १९४७ ते १९६२ अशी सोळा वर्षांची आकडेवारी घेतली : रोजगार, राष्ट्रीय उत्पन्न, किमती, बेकारी, लोकसंख्या असं. सोळा ओळी फक्त. समाश्रयणाचं गणित, म्हणजे तुम्ही रिग्रेशन म्हणता ते, त्यानं टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर हातानं सोडवलं. मग तेच गणित तेव्हाच्या मोठमोठ्या संगणकांवरच्या तयार प्रोग्रामना घातलं. बऱ्याच प्रोग्रामची उत्तरं हाताच्या उत्तराशी जुळेनात, एकमेकांशीही जुळेनात.

मी : सोळा ओळींत?

आत्या : सोळाच. कारण त्या सोळा ओळी वाईट खोडीच्या होत्या. युद्धानंतर सगळंच एकत्र वाढत होतं. उत्पन्न वाढलं, लोकसंख्या वाढली, वर्षाचा आकडा तर वाढणारच. रकाने एकमेकांच्या सावलीसारखे. अशा वेळी गणितात दोन जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी होते आणि खरे अंक गळून जातात. साध्या आकडेवारीवर असे प्रोग्राम बरोबर उत्तर देऊन जातात. म्हणून तर ते खपतात.

मी : आणि आज?

आत्या : आज तीच आकडेवारी आर या सांख्यिकीच्या भाषेसोबत घरपोच येते. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, एनआयएसटीनं, असे नमुने गोळा करून पंधरा-पंधरा अंकांपर्यंत तपासलेली उत्तरं जाहीर केली आहेत, त्यातही लाँगली आहे. नवं पॅकेज घेतलं की मी विद्यार्थ्यांना सांगायची : आधी लाँगली घाला. उत्तर आपल्याला माहीत आहे. त्याला येतं का ते बघू.

मी : पंधरा अंक? आत्या, पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज केली तर ०.३०००००००००००००००४ येते. तीही चूक म्हणशील?

आत्या : नाही. द्विमान पद्धतीत ०.१ पुरता मावतच नाही, तिथे काय करणार? किती अंकांपर्यंत जुळायला हवं, हे आधी ठरवायचं आणि मग बघायचं. उत्तर बघून मग ‘चालतंय’ म्हणायचं, ती तपासणी नव्हे, मनाची समजूत.

मी : बरं. पण आता माझं ऐक. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या लायब्ररीत चोरदार सापडलं. फायली दाबून लहान करणारी लायब्ररी, लिनक्सवर जवळपास सगळीकडे असते. कुणीतरी दोन-अडीच वर्षं मदतनीस म्हणून वावरून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत सुरुंग पेरला. कुठे पेरला माहीत आहे? चाचणीच्या फायलींत! मुद्दाम बिघडवलेले नमुने म्हणून ठेवलेल्या फायली कोण उघडून बघतो? तुझ्या चाचण्यांच्याच डब्यात विष. ती लायब्ररी टाक, इम्पोर्ट कर, हव्या तेवढ्या फायली दाबून पुन्हा उलगड, सगळं बरोबर येणार. मग तपासून काय मिळालं?

आत्या : पकडलं कुणी?

मी : आंद्रेस फ्रॉइंड. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा माणूस. तो वेगळंच काहीतरी मोजत होता. एसएसएचनं, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनवर, लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं धागा ओढला.

आत्या : नेहमीपेक्षा. हा शब्द तू बोललास, मी नाही.

मी : म्हणजे?

आत्या : म्हणजे लॉगिनला किती वेळ लागायला हवा, हे त्याला आधी ठाऊक होतं. त्याच्यासमोर तेच मशीन, तोच पडदा. पण त्याच्या डोक्यात उत्तर तयार होतं म्हणून फरक दिसला. ज्याला उत्तर ठाऊक नाही, त्याला अर्धा सेकंद म्हणजे नेटवर्क मंद.

मी : पण त्यानं लायब्ररी टाकताना तपासली नव्हती. योगायोगानं सापडलं. प्रत्येक धोका टाकतानाच पकडायचा म्हटलं तर माणूस काम कधी करणार? शेवटी कुठेतरी विश्वास टाकावाच लागतो. आपल्याकडे म्हण उगीच नाही : शितावरून भाताची परीक्षा. अख्खं पातेलं कुणी चिवडत नाही.

आत्या : मान्य. अख्खं पातेलं चिवडणारी बाई मीही नाही. पण मग शीत तरी बघितलं होतंस का?

इथे मला कबूल करावं लागलं. बघितलं होतं. शाळेच्या मशीनवर सगळी यादी सोडण्याआधी मी एक नाव चाचणी म्हणून छापलं होतं. कार्ड वाया जाऊ नये म्हणून साध्या कागदावर, आणि बोटांना सुचलं ते नाव : राम पवार.

आत्यानं दुधाच्या कार्डावर ते नाव लिहिलं आणि पेन्सिलीनं एकेका अक्षराखाली टिंब दिलं. र, काना, म. प, व, काना, र. वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. प्रत्येक चिन्ह ज्या क्रमानं साठवलं जातं, त्याच क्रमानं कागदावर येतं. हार्फबझ असली काय, नसली काय, राम पवार बिनधोक छापला जाणार.

आत्या : वरचं शीत उचललंस. हाताला सहज येतं तेच. आमची आई कधी वरचं बघायची का? डाव खाली घालून मधलं काढायची.

मी : म्हणजे लाँगली.

आत्या : म्हणजे लाँगली. राम पवार हे सोपं गणित. तुझ्या कामातलं अवघड गणित कुठलं, ते तुलाच माहीत. लायब्ररी लिहिणाऱ्याला नाही. सांग बरं, मराठीतलं मधलं शीत कुठलं?

मी : क्षितिज. दोन वेलांट्या आणि एक जोडाक्षर. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, पण संगणकाकडे त्याचे सात तुकडे असतात.

आत्या : रफाराला कीर्ती घे. रकाराला प्रिया. आणि वाऱ्यावर विसरू नकोस. तो अर्धा र हिंदीवाल्यांकडे नाही, म्हणून सगळ्यात आधी आपलाच बिघडतो.

मी : पण हे तपासायचं कसं? उत्तर आकडा नाही, चित्र आहे. दर वेळी डोळ्यांनीच बघू? थांब. क आणि ष वेगवेगळे काढून रुंदी मोजायची, मग क्ष काढून मोजायची. जोडाक्षर झालं असेल तर बहुतेक फॉन्टमध्ये रुंदी बेरजेपेक्षा कमी भरेल. नुसता पाय मोडून शेजारी उभे केले असतील, तर रुंदी बेरजेइतकीच. तीन ओळींचं काम आहे.

आत्या : छान. आणि किरणची करिण झाली तर?

मी : तर... तुकडे तेच, क्रम वेगळा. रुंदी तेवढीच. नाही सापडणार.

आत्या : अंकांच्या बेरजेनं नवाचा ताळा करतोस ना, तेच त्याचं दुखणं. २२६८ च्या जागी २२८६ लिहिलं तरी अंकांची बेरीज अठराच. अदलाबदलीपुढे तो ताळा आंधळा. म्हणून ताळा टाकून देतो का आपण? नाही. तो काय पकडतो आणि काय सोडतो, तेवढं लक्षात ठेवून करतो.

मी : मग असं करतो. प्रोग्राम सुरू होताच तीन गोष्टी : कोणतं पायथन बोलतंय ते छापायचं, रक्म आहे का विचारायचं, क्ष-ची रुंदी मोजायची. एकही चुकलं तर तिथेच थांबायचं. गुपचूप साध्या मांडणीवर उतरायचं नाही, ओरडायचं. माझी तक्रारच ती होती ना, की ही चूक ओरडत नाही? मग तिला ओरडायला मीच लावतो.

आत्या : आणि अदलाबदल?

मी : पहिलं कार्ड क्षितिजचं. छापून, हातात घेऊन, वाचून. मग बाकीची.

आत्या : हे रोज करणार?

मी : रोज नाही. मशीन बदललं, पायथन बदललं, लायब्ररीची आवृत्ती बदलली तर. एरवी रोज तेच विचारत बसलो तर तू म्हणशील तसा तपासनीस होईन, पण कार्डं कधीच छापून होणार नाहीत. आणि एक्सझेडसारखं काही आलं तर माझ्या या तीन ओळी काहीच करू शकणार नाहीत. तेवढं तूही मान्य कर.

आत्या : केलं. कुलूप लागलंय का ते बघता येतं. कुलूप करणाऱ्यानं दुसरी किल्ली ठेवली आहे का, ते दारात उभं राहून कळत नाही. पण त्यासाठी कुलूपच न ओढता कुणी गावाला जात नाही.

यावर आमचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. मला अजूनही वाटतं की आत्याला वेळेची किंमत नाही, आणि तिला वाटतं की मला कागदाची नाही. पण शाळेची कार्डं पुन्हा छापून झाली. पहिलं क्षितिजचं निघालं. शिपाईमामांनी ते उजेडाकडे धरून मोठ्यानं वाचलं आणि मग मी बाकीची यादी सोडली.

महिनाअखेरीस आत्या एका ‘करिण’च्या पाठीवर हिशेब मांडून बसली होती. मे महिना, ३१ दिवस, चार खाडे. रोज दीड लिटर, लिटरला ५६ रुपये, म्हणजे दिवसाचे ८४. सत्तावीस दिवसांचे तिनं हातानं २२६८ काढले, अंकांची बेरीज केली, अठरा आली. सत्तावीसला नऊनं भाग जातो, उत्तरालाही जातो. तिनं खाली बारीकशी खूण केली.

मला राहवलं नाही. मी मोबाइलवर २७ गुणिले ८४ करून तिच्यासमोर धरला.

तिनं चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘हं. चालतोय बरोबर.’’

मोबाइल.